मुराळ्याशिवाय आलेला ट्रक

कारंजा (घाडगे)
५ फेब्रुवारी १९५७

चि. बापूस मनकर्णाचे आशीर्वाद. सुलोचना आणि तुझी लेक पद्मा खुशाल असतील.

तेराव्याला तू येऊन गेलास त्याला दीड महिना होत आला. मोटारीत चढताना म्हणालास, "बाई, घाबरू नको, मी आहो ना." त्या एका वाक्यावर मी इतके दिवस काढले, म्हणून हे पत्र दुसऱ्या कोणाला न लिहिता तुला, पाठच्या भावाला लिहिते आहे.

शाळेचं हे बिऱ्हाड आता सोडायचं. हे गेले तेव्हाच मला ते कळलं होतं, पण वरून कागद आला तेव्हा खरं वाटलं. नवे हेडमास्तर चैत्रात रुजू होणार आहेत. माणूस भला दिसतो. घर बघायला आले ते ओसरीवरच उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. हे असते तर त्यांना बसवून चहा पाजल्याशिवाय सोडलं नसतं. मी आतून नुसती बघत राहिले.

दीर परवा बोरखेडीहून येऊन गेले. बंडूजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ, तुला ठाऊक आहेतच, बोलणं कमी आणि काम जास्त. म्हणाले, "वहिनी, बोरखेडीले चाला. घर तुमचंच हाय. पाटलाची ट्रॉली आणतो अन् दोन दिवस दारात सोडून देतो. तुमी आरामानं भरा." त्यांच्या पाटलानं औंदा ट्रॅक्टर घेतला आहे, त्याच्या मागं ती ट्रॉली जोडतात. अख्खं गाव तिच्यात बसून बाजाराला येतं.

दुसरा मार्ग ट्रकचा. इथून संत्र्याचे ट्रक वर्ध्याकडे जात असतात, त्यातला एखादा भाड्यानं मिळेल. ट्रॉली काही वर्ध्यापर्यंत येणार नाही. तेव्हा ट्रॉली म्हणजे बोरखेडी आणि ट्रक म्हणजे तुझं घर, असं सरळ आहे.

बापू, मी उघडच लिहिते. मला वर्ध्याला यायचं आहे. बोरखेडीत शाळा चौथीपर्यंत. मीरा यंदा सातवीची परीक्षा देईल आणि तिथं गेली की तिची पाटी फुटली. दीर वाईट नाहीत, पण त्यांच्या घरी मुलगी पंधराची झाली की तिच्या लग्नाशिवाय कोणाला काही सुचत नाही. यांना तिला मास्तरीण करायची होती. वर्ध्याला मुलींचं हायस्कूल आहे. सिंदी मेघेला तुझ्या घरामागची ती सरपणाची खोली आम्हा दोघींना भरपूर झाली. मी शिवणकाम करीन, तुझ्यावर ओझं होणार नाही.

तेव्हा सांग, ट्रॉली घेऊ की ट्रक? तू ट्रक म्हणशील हे मला माहीत आहे. तरी तुझ्या अक्षरात वाचायचं आहे.

तुझी बाई,
मनकर्णा

सिंदी मेघे
१४ फेब्रुवारी १९५७

ती. बाईच्या चरणी बापूचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चार जणांना विचारल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, त्यात आठवडा गेला. आमच्या कचेरीत एक जण बदल्या होऊन होऊन इतका फिरला आहे की त्याचं सामान आपोआप ट्रकवर चढत असेल. त्याचंच म्हणणं असं की ट्रकच्या भानगडीत पडू नये.

ट्रक दिसायला मोठा, पण उंच असतो. कपाट चढवायला चार माणसं, उतरवायला चार माणसं. ड्रायव्हर दारात हॉर्न वाजवत बसतो, त्या घाईत माणूस अर्ध्या वस्तू विसरतो. ट्रॉलीचं तसं नाही. ती बुटकी, फळी टाकली की पेटी सरकवत वर नेता येते. सगळ्यात मोठा गुण म्हणजे ट्रॅक्टर सोडून निघून जातो आणि ट्रॉली तुझ्या दारात उभी राहते. आज भांडी, उद्या अंथरुणं, जसं जमेल तसं भर. बंडूजींनी हे फार चांगलं सुचवलं. घरच्या माणसानं सुचवलेलं मोडू नये.

शिवाय सध्या इलेक्शन. वर्ध्यात चाक असलेली एक वस्तू मोकळी नाही, सगळ्यांवर भोंगे बांधलेत.

मागच्या खोलीचं म्हणशील तर ती तुला वाटते त्याहून लहान आहे. तुझं कपाट, पलंग, भाऊजींचं टेबल, हे तिथं मावायचं नाही. हौसेनं जमवलेल्या वस्तू पावसात भिजलेल्या मला बघवणार नाहीत. मीराच्या शाळेचं बघू. आधी परीक्षा तर होऊ दे.

सुलोचना बरी आहे, नमस्कार सांगते. उन्हाळा लवकर लागला आहे, प्रकृतीला जप.

तुझा,
बापू

कारंजा
२४ फेब्रुवारी १९५७

चि. बापूस आशीर्वाद.

तुझं पत्र मीरानं मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मामा कचेरी सोडून ट्रॉल्या विकाले लागले का?" पुष्कळ दिवसांनी या घरात कोणी हसलं. तेवढं तुझ्या पत्राचं पुण्य.

पाकिटावर तू माझ्या नावाआधी गं. भा. लिहिलंस. रीतच आहे, त्यात तुझी चूक नाही. पण पोस्टमननं ते पाकीट हातात दिलं तेव्हा मला वाटलं दुसऱ्या कोणाचं आहे. मी त्याला परत करायला निघाले होते. पुढच्या वेळी नुसतं मनकर्णाबाई लिहिलंस तरी पत्र पोचेल.

खोली लहान आहे हे तू स्पष्ट सांगितलंस ते बरं झालं. मी त्यावर विचार केला. कपाट शाळेला देऊन टाकलं, यांची पुस्तकं त्यातच राहतील आणि मुलांच्या हाताला लागतील. पलंग शेजारच्यांकडे गेला. मला आता पलंगाचं काय करायचं आहे? टेबल मात्र ठेवणार होते, मीराला लिहायला म्हणून. पण तीच म्हणाली, "पाटावर लिहीन." तेही दिलं. आता दोन पेट्या, भांड्यांचं पोतं, शिवणाचं मशीन आणि दोन वळकट्या एवढंच उरलं. हे तर तुझ्या सरपणाच्या शेजारी, सरपण न हलवताही मावेल.

इलेक्शनही मार्चात संपतं. मग ट्रक मिळायला हरकत नाही. होळी झाली की मीराची परीक्षा, आणि त्यानंतरचा कुठलाही दिवस मला चालेल. तू नुसता दिवस कळव.

मनकर्णा

सिंदी मेघे
१० मार्च १९५७

ती. बाईस बापूचा नमस्कार.

अगं, इतकी घाई कशाला केलीस? कपाट देऊन टाकायचं ते! शिसवाचं कपाट होतं. भाऊजींनी ते नागपूरहून आणलं तेव्हा मी सोबत होतो. बोरखेडीच्या घरात ते किती शोभलं असतं.

मी पुन्हा चौकशी केली. ट्रकचे ड्रायव्हर सगळेच काही धड नसतात. कोण रात्रीचं जागलेलं, कोण प्यालेलं. तुम्ही दोघी बायका, वाटेत काही झालं तर मी स्वतःला काय सांगू? ट्रॉलीवर आपली माणसं असतात. हळू चालते, धक्के बसतात हे मान्य, पण भांड्यांमध्ये गवत घातलं की काही होत नाही.

दुसरं असं की चैत्र-वैशाखात आमच्याकडे थोडी गडबड आहे. घराला चुना वगैरे काढायचा आहे. तेव्हा तू तूर्त बोरखेडीला जा, दिवाळीच्या सुमारास आपण निवांत बोलू. एक वर्ष शाळा बुडाली म्हणून काही मीरा विसरणार नाही, मुलगी हुशार आहे.

राग मानू नकोस. मी तुझ्या भल्याचंच सांगतो.

बापू

कारंजा
२२ मार्च १९५७

चि. बापूस,

पिपरी मेघेच्या सुमित्राबाई इथं लेकीकडे आल्या होत्या. मला भेटायला आल्या, चांगल्या घटकाभर बसल्या, आणि उठता उठता म्हणाल्या, "पद्माचं चांगलं जमलं बाई. हिंगणघाटचे लोक मोठे हायेत. तुमाले त मालूमच असन."

मी म्हटलं, हो, मालूम आहे.

पद्माला पहिलं न्हाऊ मी घातलं आहे. तिच्या बारशाला माझ्या हातची कुंची होती. तिचं लग्न ठरलं हे मला परक्या बाईच्या तोंडून कळावं आणि वर मी खोटं बोलावं, एवढं मी काय केलं होतं? नवरा गेला, तो काय मी घालवला?

लग्नाच्या घरात माझं तोंड नको, एवढंच ना तुला सांगायचं होतं? ते एका ओळीत सांगता आलं असतं. तू त्यासाठी दोन पत्रं ट्रॉलीचं कौतुक केलंस. आणि मी वेडी, मला वाटलं माझं सामान जास्त झालं. मी घर रिकामं करत बसले. अजून दोन पत्रं आली असती तर मी मशीनही देऊन टाकलं असतं.

मला सांगितलं असतंस तर मी मागच्या खोलीत दार लावून बसले असते. मंगलाष्टकं भिंतीआडूनही ऐकू येतात. मला तेवढं पुरलं असतं.

बंडूजींना निरोप धाडला आहे. पाडवा झाला की ट्रॉली येईल.

मनकर्णा

सिंदी मेघे
१ एप्रिल १९५७

ती. बाई,

तुझं पत्र कचेरीच्या पत्त्यावर आलं ते बरं झालं. तिथं मान खाली घालून बसलं तर लोकांना वाटतं काम चाललं आहे.

खरं तेच लिहितो. पद्माची दोन स्थळं ठरता ठरता मोडली. हे तिसरं. मंडळी जुन्या वळणाची आहेत, त्यांची आजी अजून घरात सगळं ठरवते. सुलोचना म्हणते, "मी काई बाईले नको नाई म्हणत. पण हेबी गेलं त पोरीले कोन पाह्यन?" तिचं मन काळं नाही, तिला धास्ती आहे. आणि मी दोघींच्या मध्ये सापडलो. तुला नाही म्हणवत नव्हतं आणि तिला ये म्हणवत नव्हतं, म्हणून ट्रॉली ट्रॉली करत राहिलो.

तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं. त्यानंतर दोन-तीन दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी मी सांगितलं, माझी बहीण येणार, लग्न राहो की मोडो. जन्मात पहिल्यांदा घरात आवाज चढवला. सुलोचना रडली आणि मग स्वतःच उठून मागची खोली सारवली. सरपण काढून अंगणात रचलं आहे.

तेव्हा आता ऐक. संत्र्याच्या एका बागवानाचा ट्रक मी ठरवला. ड्रायव्हर हरिभाऊ, वयस्क माणूस, पीत नाही, मी स्वतः खात्री केली आहे. येत्या ११ तारखेला, गुरुवारी, दुपारी तुझ्या दाराशी येईल. आहे ते सगळं चढव आणि मीराला घेऊन निघून ये. ऊन फार आहे, तेव्हा कलल्यावर निघा, म्हणजे दिवे लागल्यावर पोचाल. ट्रक मागच्या गल्लीनं आणायला सांगितलं आहे, तिकडून तो थेट खोलीशी लागतो.

ट्रॉली नको, ट्रक घे. तुला माझ्या अक्षरात वाचायचं होतं ना?

बापू

सिंदी मेघे
१३ एप्रिल १९५७

ती. बाई,

गुरुवारी दिवेलागणीपासून मी कंदील घेऊन मागच्या गल्लीत उभा होतो. सामान उतरवायला दोन माणसं बोलावून ठेवली होती. ट्रक आला आणि त्यात काही नव्हतं.

हरिभाऊ म्हणाला, "बाई नाई आल्या. लय वेळ तुमची वाट पाह्यली त्याइनं, मंग म्हणल्या, जा बाप्पा तू."

माझी वाट? मी येईन असं मी कुठं लिहिलं होतं? ट्रक ठरवला, दिवस कळवला, खोली सारवली, बायकोशी भांडलो. आणखी काय करायचं राहिलं होतं? त्या दोन माणसांसमोर आणि सुलोचनासमोर माझं तोंड एवढंसं झालं.   तिनं खोलीतला दिवा विझवला आणि आत निघून गेली.

तुला यायचंच नव्हतं तर आधीच्या पत्रांत इतकं लिहायचं कशाला? तुझा मान मोठा आहे हे मी लहानपणापासून जाणतो, पण तो माझ्याशी दाखवायचा नव्हता. ट्रॉली बरी वाटली असेल तर ठीक आहे. सुखानं राहा.

बापू

मु. बोरखेडी
२१ एप्रिल १९५७

चि. बापू,

तुझं रागाचं पत्र कारंज्याहून फिरून इथं आलं. राग मला समजतो, म्हणून काय झालं ते सांगते.

ट्रॉली आदल्या दिवसापासूनच दारात होती. बंडूजी ती सोडायला आले होते आणि ट्रॅक्टर परत गेला तरी ते गेले नाहीत. तुझं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "भाऊ नेत असन त जा, वहिनी. माहेरच हाय ते. मी सामान चढवू लागतो." आणि गुरुवारी सकाळपासून ट्रॉलीच्या पुढच्या दांडीवर बसून तंबाखू मळत राहिले. एका शब्दानं मला अडवलं नाही.

दुपारी ट्रक आला. मी डोक्यावर पदर घेऊन फाटकापर्यंत गेले. हरिभाऊ उतरला. दुसऱ्या बाजूचं दार उघडेल म्हणून मी बघत राहिले. ते उघडलं नाही.

मी विचारलं, सोबत कोण आहे? तो म्हणाला, "कोनी नाई बाई. मले बापूरावजीनं सांगतलं, सामान भरून आणजो. बाकी मले काई मालूम नाई."

बापू, माझं लग्न झालं तेव्हापासून मी माहेरी आले ती कधी एकटी आले नाही. आधी बाबा छकडा घेऊन यायचे. बाबा थकल्यावर तू मुराळी म्हणून यायला लागलास, तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. एका दिवाळीला तू तापानं फणफणला होतास तरी आलास, आणि परतीच्या वाटेवर मीच तुला मांडीवर घेऊन बसले. घ्यायला माणूस आला म्हणजे मुलीला बोलावणं आलं. माणूस न येता नुसतं वाहन आलं तर त्यात सामान जातं. हे तुला शिकवावं लागेल असं मला वाटलं नव्हतं. वर्ध्याला राहून तू विसरलास की तुला यायचं नव्हतं, हे तुझं तुला ठाऊक.

आणि अशा वेळी, बापू? नवरा असताना मी एकटी आले असते तर लोक म्हणाले असते, बाई धीट आहे. आता आले तर म्हणतील, ठेवून घ्यायला कोणी नाही म्हणून स्वतःच्या पायांनी आली. तेही दिवे लागल्यावर, मागच्या गल्लीनं. ऊन फार आहे म्हणून तसं लिहिलंस, ते मी वाचलं. मला वाचता येतं.

तरी मी लगेच नाही म्हटलं नाही. मीरा आपली पिशवी घेऊन आधीच ट्रकमध्ये जाऊन बसली होती. ती म्हणाली, "आई, मामा मागल्या मोटारीनं येत असतील." म्हणून थांबलो. ती मोटार आली आणि गेली. त्यानंतरचीही आली. हरिभाऊ बिचारा झाडाखाली बसून राहिला. ऊन उतरलं तेव्हा मी मीराला खाली उतर म्हटलं.

ती उतरली. मग बंडूजी उठले आणि आम्ही ट्रॉली भरायला घेतली.

इथं सगळे नीट वागतात. जाऊबाईंनी अर्धं घर मला मोकळं करून दिलं. पद्माच्या लग्नाला माझे आशीर्वाद. ते पत्रातून यायला काही हरकत नसावी.

मनकर्णा

सिंदी मेघे
२० मे १९५७

ती. बाईच्या पायांवर बापूचं डोकं.

महिनाभर तुला लिहिलं नाही. लग्नाची धावपळ होती हे खरं, पण तेवढंच कारण नव्हतं. तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा काढायचो आणि ठेवून द्यायचो.

पद्माचं लग्न ९ तारखेला झालं. सगळं यथास्थित पार पडलं. त्यांची ती आजी, जिच्या धास्तीनं आम्ही एवढं केलं, ती स्वतः विधवा आहे. मांडवात पुढं बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. सुलोचना तिच्याकडे बघायची आणि मग माझ्याकडे बघायची. 

पाठवणीच्या वेळी पद्मा माझ्या गळ्यात पडली आणि म्हणाली, "बाबा, मले न्याले तुमीच येजा. दुसऱ्या कोनाले पाठवू नका." मी हो म्हटलं. चार दिवसांनी तिला आणायला हिंगणघाटला गेलो. मोटार त्यांच्या गावात शिरली तर पोरगी रस्त्याच्या कडेलाच उभी होती, सकाळपासून तिथंच घुटमळते असं तिची नणंद हसत म्हणाली. मला उतरताना पाहून तिचा चेहरा जो झाला, तो बघितला आणि बाई, मला तिथं मोटारीच्या पायरीवरच रडू आलं. लोकांना वाटलं लेकीच्या मायेनं रडतो आहे.

मी विसरलो होतो असं म्हणू शकत नाही. ट्रक ठरवला तेव्हा हरिभाऊनं विचारलं होतं, "तुमी बसता का संगं?" मी नको म्हटलं. तुझ्यासमोर उभं राहून, मागच्या गल्लीनं चल, हे मला तोंडानं म्हणवलं नसतं. म्हणून ट्रक पाठवला.

आता दुसरं काही नको. येत्या रविवारी, २६ तारखेला, मी बोरखेडीला येतो. मी स्वतः. तुम्हा दोघींना मोटारीनं घेऊन येतो, भर दुपारी, पुढच्या दारानं. सुलोचना उंबऱ्यावर उभी राहील, तिनंच तसं सांगायला लावलं आहे. मीराचं नाव मी मुलींच्या हायस्कुलात घालून आलो. आठवीचं इंग्रजीचं पुस्तकही घेतलं आहे.

फक्त नाही म्हणू नकोस.

बापू

मु. बोरखेडी
२३ मे १९५७

चि. बापूस मनकर्णाचे आशीर्वाद. पद्मा सुखरूप नांदो.

तुझं पत्र आज दुपारी आलं. मी ते वाचून पेटीच्या तळाशी ठेवलं. सुलोचनाला म्हणावं, माझ्या मनात तिच्याविषयी काही नाही. मुलीच्या आईला कशाची धास्ती वाटेल याला धरबंध नसतो, ते मला आता कळतं.

२६ तारखेला येऊ नकोस. मीराचं लग्न ठरलं आहे. ९ जूनला, रविवारी.

पाच दिवसांपूर्वी बोलणी झाली. मुलगा शेती करतो, स्वभावानं शांत आहे. घरचे लोक भले आहेत. बंडूजींनी मला विचारल्याशिवाय शब्द दिला नाही. म्हणाले, "वहिनी, तुमच्या मनात दुसरं काई असन त आत्ताच सांगा. मी थांबतो." मी काय सांगणार होते? पोरीला शिकवायचं आहे म्हटलं असतं, तर कुठं, असं त्यांनी विचारलं असतं. त्या दिवशी माझ्याजवळ सांगायला जागा नव्हती. तुझं पत्र आठ दिवस आधी आलं असतं तर होती.

आता शब्द दिला आहे. तो मोडला तर बंडूजींना या गावात मान वर करता येणार नाही, आणि आम्हाला घरात घेतलं ते त्यांनीच.

तुला दोष देत नाही. ट्रक मी परत पाठवला. माझा मान मोठा आहे म्हणालास, ते खरं निघालं. मीराला मी विचारलंसुद्धा नाही, नुसतं उतर म्हटलं. ती उतरली आणि तेव्हापासून त्याबद्दल मला एका शब्दानं काही बोलली नाही. ती भांडली असती तर मला सोसवलं असतं.

काल सातवीचा निकाल लागला. कारंज्याच्या नव्या हेडमास्तरांनी मुद्दाम माणूस पाठवून कळवलं. मीरा सगळ्या केंद्रात पहिली आली. मी ते इथं कोणाला सांगितलं नाही. सोयऱ्यांच्या कानावर गेलं तर म्हणतील मुलगी फार शिकलेली आहे, घरात टिकेल का. मीरालाही सांगितलं, कुठं बोलू नकोस. ती बरं म्हणाली आणि धान्य निवडायला बसली.

लग्नात मुलीला मांडवात मामाच नेतो. दुसऱ्या कोणाला ते करता येत नाही. मी त्या वेळी आतल्या खोलीत असेन, तशी रीत आहे आणि मी ती मोडणार नाही. तेव्हा ८ तारखेलाच ये. सुलोचनालाही आण.

आणि एवढं कर. तिला हाताला धरून नेशील तेव्हा वाजंत्री चालू असेल, कोणाला ऐकू जायचं नाही. तिच्या कानाशी वाकून शाबास म्हण. पहिली आली म्हणून. ते तिला अजून कोणीच म्हटलेलं नाही, आणि माझ्याच्यानं म्हणवत नाही.

वाट बघते.

मनकर्णा